आवक क्रमांक एक

साताऱ्याला परत येऊन सहा महिने होत आले, तरी आमच्या कॉलनीतल्या बायका मला अजून ट्युलिपबद्दल विचारतात. मी गेले होते ऑक्टोबरात. ऑक्टोबरात ट्युलिपचे कंद जमिनीत झोपलेले असतात, हे मी प्रत्येकीला सांगितलं. पवनचक्की पाहिली का? पाहिली, गाडीच्या खिडकीतून, पापणी लवायच्या आत गेली. मग पाच आठवडे केलंस काय, असा पुढचा प्रश्न असतो, आणि त्यात थोडी कीव असते. पाच आठवडे मी एका मुलीचा प्रवेश अर्ज पाहिला. ज्यांना फुलं हवी आहेत त्यांनी कॅलेंडर विकत घ्यावं. त्या अर्जाचं काय झालं हे ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी बसावं, मी चहा टाकते.

बेस्ट

बेस्ट हे आइंडहोवनला चिकटलेलं गाव. माझा भाऊ शिरीष तिथे बारा वर्षं राहतो. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. साताऱ्यात इंजिनियर झाला, अमेरिकेत एम. एस. केलं, तिथे काही वर्षं काढली आणि मग इकडे आला. त्याची बायको मंजिरी डिपेंडंट व्हिसावर आली, दोन वर्षं भिंतींशी बोलली, मग डच शिकली आणि आता हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, काम करते. तिथले पेशंट डॉक्टरांपेक्षा मंजिरीला जास्त वचकून असतात असं मला दिसलं, आणि माझी छाती फुगली.

त्यांची मुलगी इरा, वय सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष. तिला मराठी शब्द न् शब्द कळतो, पण उत्तर इंग्रजीत येतं. चिडली की डचमध्ये. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिणार आहे, आत्या म्हणून मला तेवढा हक्क आहे.

पहिल्या सकाळी न्याहारीला बसले तर माझा पन्नाशी ओलांडलेला भाऊ लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटची शेव भुरभुरत होता. आपल्याकडे वाढदिवसाच्या केकवर टाकतात ना, तीच. "इथे सगळे खातात ताई," तो म्हणाला. पोह्यांचा डबा मी सोबत नेलाच होता. दुसऱ्या दिवसापासून ओट्याचा ताबा मी घेतला, आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

पण टेबलावर पावाच्या शेजारी लॅपटॉप उघडा होता, आणि घरात दोन तट पडले होते. शिरीषचं म्हणणं, इराने अमेरिकेत त्याच्याच कॉलेजात जावं. मोठं नाव आहे, शंभरातल्या थोड्यांना घेतात. पण दोन वाटा होत्या. एक म्हणजे आधी अर्ज करायचा. नोव्हेंबर लागता लागता जे अर्ज करतात त्यांचा ढीग वेगळा असतो, त्यांना संधी बरीच जास्त. अट एकच, मिळालं तर जायलाच लागतं, तशी सही करून द्यायची. दुसरी वाट म्हणजे अर्जातला एक रकाना: तुमच्या घरातलं कुणी इथे शिकलं आहे का? बाप शिकला असेल तर अर्जाचं वजन वाढतं. हे ते लोक उघड सांगतात, लपवत नाहीत. सगळीच कॉलेजं असं करत नाहीत, काहींनी सोडून दिलं आहे, पण शिरीषच्या कॉलेजाने सोडलेलं नव्हतं.

"आधीचा अर्ज आणि माझं नाव," शिरीष म्हणाला. "निम्मं काम तिथेच झालं."

"मग त्या निम्म्यात मी कुठे आहे?" इराने विचारलं.

तिला एनस्खेडेला जायचं होतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीच्या सीमेजवळ हे गाव आहे, तिथल्या तांत्रिक विद्यापीठात वैद्यकीय यंत्रांचा एक अभ्यासक्रम आहे, आणि त्याला जागा मोजक्या. बारावीनंतर नुसतं नाव घालून भागत नाही, निवड परीक्षा असते.

"ताई, तूच सांग हिला," शिरीष माझ्याकडे वळला. "तू जन्मभर अ‍ॅडमिशन केल्यास. चालून आलेली संधी कुणी सोडतं का?"

आता हे सांगायला हवं. मी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. आमदाराची चिठ्ठी आली की मी ती पाण्याच्या ग्लासाखाली ठेवायची. संध्याकाळपर्यंत शाई पसरलेली असायची. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी भाषणात तो ग्लास दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे मी इराची बाजू घेईन असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मी म्हणाले, "आधी ते एनस्खेडे बघू, मग बोलू." शिरीषच्या कॉलेजाच्या अर्जाला अजून तीन आठवडे होते.

एनस्खेडे

त्या विद्यापीठाचा सगळ्यांना बघायला खुला असलेला दिवस शनिवारी होता. इरा आणि मीच गेलो. झाडी, तळी, आणि मधूनमधून इमारती. मुलं आईबापांना घेऊन फिरत होती. एकही बाप पुढे चालत नव्हता.

एका प्रयोगशाळेत टेबलावर रबराचा हात होता. त्यावर यंत्राची दांडी फिरवायची आणि पडद्यावर शीर शोधायची. इराला पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा शीर सापडली तेव्हा ती ओरडलीच. मग पाच मिनिटं ती तिथल्या विद्यार्थिनीशी डचमध्ये इतकी भराभर बोलली की मला फक्त तिचा चेहरा वाचता आला. तो चेहरा मी घरी त्या लॅपटॉपसमोर पाहिला नव्हता. आणि तिथे माझं डोकं फिरलं. हे हिला मिळालंच पाहिजे, असं मला वाटलं.

माझ्या पिशवीत कंदी पेढ्यांचा खोका होता. साताऱ्याची माणसं परदेशी पेढ्यांशिवाय जात नाहीत. मी इराला लक्षात न येऊ देता तो खोका काढला, त्या अभ्यासक्रमाचे निवडप्रमुख उभे होते तिथे गेले, आणि दोन्ही हातांनी पुढे केला. उंच गृहस्थ, स्वेटरच्या कोपरावर ठिगळ. मी माझ्या कचेरीच्या इंग्रजीत सांगितलं, ही माझी भाची, फार हुशार, आमचं घराणंच शिक्षणातलं, माझा भाऊ बेस्टला अमुक कंपनीत, लक्ष असू द्या. "लक्ष असू द्या" याला इंग्रजीत काय म्हणतात कोण जाणे, पण मी डोळ्यांनी म्हटलं.

त्यांनी एक पेढा घेतला, खाल्ला, दुसरा घेतला. "फारच छान," म्हणाले. आणि खोका उघडून त्यांनी तो माहितीपत्रकांच्या टेबलावर मधोमध ठेवला. पुढच्या दहा मिनिटांत इराच्या जागेसाठी स्पर्धेत असलेल्या चाळीसेक पोरांनी माझे पेढे संपवले. एक जण तर परत आला.

"तुमची भाची मला निवडीत दिसणार नाही," ते मला समजावून सांगत होते. "उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. अर्ज जानेवारीत बंद होतात. पहिल्या दिवशी केला काय आणि शेवटच्या दिवशी केला काय, सारखंच." मग त्यांनी आपुलकीने विचारलं, "हे दुधाचे आहेत ना?"

इरा माझ्यामागे उभी होती. तिचे कान लाल झाले होते. बाहेर बाकावर बसून आम्ही मंजिरीने दिलेली पोळीभाजी खाल्ली. 

"आत्या, ती लाच होती का?"

"पेढे ग ते. आपल्याकडे देतात."

"आपल्याकडे काम झाल्यावर देतात. आई म्हणते."

मी पोळीचा घास चावत राहिले. सतरा वर्षांच्या पोरीचं म्हणणं बरोबर होतं. कचेरीत मी स्वतः निकालाआधी आलेले पेढे परत पाठवत असे.

हार्लेम

मंजिरी आधी ज्या डॉक्टरबाईंकडे कामाला होती त्या मराइके निवृत्त होऊन हार्लेमला, आपल्या माहेरगावी, जाऊन राहिल्या होत्या. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला आम्हां चौघांना बोलावणं होतं. हार्लेम सुंदर आहे, जुनं, विटांचं, आणि तिथल्या लोकांना ते माहीत आहे. रोज कामाला अ‍ॅमस्टरडॅमला जातात आणि संध्याकाळी सुटल्यासारखे परत येतात.

वाढदिवसाची तिथली तऱ्हा मला फार आवडली. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या. आलेला प्रत्येक माणूस वर्तुळातल्या प्रत्येकाशी हात मिळवतो आणि अभिनंदन करतो. वाढदिवस जिचा तिचंच नव्हे, तिच्या भावाचं, सुनेचं, शेजारणीचंही. बहिणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, सासूच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन. माझंसुद्धा झालं, मी मंजिरीची नणंद म्हणून. मग केकचा एक तुकडा मिळतो. एकच. दुसऱ्यासाठी कुणी आग्रह करत नाही आणि मागायचाही नसतो. मी साताऱ्याची, माझ्या तो तुकडा दातालाही लागला नाही. नंतर वाटाण्याचं दाट सूप आलं, त्यात चमचा उभा राहत होता. माझ्यासाठी मराइकेंनी बिनमांसाचं वेगळं केलं होतं. त्यामुळे मी त्यांना केकबद्दल माफ केलं.

इराच्या अर्जाची गोष्ट निघाली तेव्हा मराइके हसल्या. त्यांच्या काळी तिथे वैद्यकीय प्रवेशासाठी चक्क चिठ्ठ्या काढायचे. गुण चांगले असतील तर संधी थोडी वाढायची, पण शेवटी चिठ्ठीच. दोन वर्षं त्यांची चिठ्ठी निघाली नाही. मधल्या काळात त्यांनी इस्पितळात रुग्णांची भांडी उचलली. तिसऱ्या वर्षी निघाली.

"तुमचे वडील काय करायचे?" शिरीषने विचारलं.

"त्याच इस्पितळात सर्जन होते."

"मग त्यांनी कुणाला फोन केला नाही?"

"कुणाला करणार? चिठ्ठ्यांच्या डब्याला?" मराइके म्हणाल्या. "दोन वर्षं रागाने धुमसत होते बिचारे. मी भांडी उचलत समोरून जायची आणि ते दुसरीकडे बघायचे. पण मी डॉक्टर झाले तेव्हा ती तुमच्यामुळे झाली असं त्यांना कुणी म्हणू शकलं नाही. आणि वडिलांमुळे झालीस असं मलाही."

इरा टक लावून ऐकत होती. शिरीष म्हणाला, "चिठ्ठ्या काढणं म्हणजे गुणवत्तेचा अपमान आहे," आणि त्याचंही काही खोटं नव्हतं. मग मराइके माझ्याकडे वळल्या. मंजिरीने त्यांना माझ्या कचेरीबद्दल सांगितलेलं होतं. "तुम्ही एकतीस वर्षं ते टेबल सांभाळलंत. कधीच कुणासाठी काही केलं नाहीत?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं. शिरीषने सगळ्यांत जास्त. सूप गरम होतं आणि मी ते तसंच गिळलं.

पुन्हा बेस्ट

शिरीषच्या अर्जाला दोन दिवस उरले होते. रविवारची सकाळ, मी पोहे केले होते, खिडकीबाहेर आडवा पाऊस. लॅपटॉप उघडा. सगळं भरून झालं होतं, निबंधसुद्धा. फक्त तो रकाना आणि सही बाकी होती.

"मी कुणाचं चोरून देत नाहीये तुला," शिरीषचा आवाज चढला. "मी साताऱ्याच्या कॉलेजातून स्वतःच्या गुणांवर वर आलो. ताई त्याच कॉलेजच्या कचेरीत होती, तरी कुणी शब्द टाकला नाही. तिथून अमेरिका. ते नाव मी कमावलंय. माझं कमावलेलं माझ्या मुलीला का मिळू नये? ताई, बोल ना!"

मी कढई खाली ठेवली. "तू कमावलेलं नाहीस," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. मी नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. प्रवेश संपले होते, एक जागा रिकामी झाली. शेवटच्या फेरीचा नियम फळ्यावर लिहिला होता: गुण सारखे असतील तर ज्याचा अर्ज आधी आवक झाला त्याला जागा. आवक म्हणजे कचेरीत कागद आला की रजिस्टरमध्ये त्याला नंबर पडतो, एकाखाली एक. शिरीष दाखल्यासाठी पुण्याला गेला होता आणि त्याची एसटी वाटेत बंद पडली. साडेदहाला कचेरी उघडली तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. तिचं नाव सुनंदा. आडनावही मला आठवतं, पण ते माझ्यापाशीच राहू दे. कोरेगावच्या बाजूची होती, पहाटेच निघालेली असणार. गुण अगदी शिरीषएवढेच.

कचेऱ्यांतून काम केलेल्यांना माहीत आहे, रजिस्टरमध्ये एखादी ओळ कोरी ठेवायची पद्धत असते. साहेबांचा कागद मागाहून यायचा असतो, तारीख आजची हवी असते, म्हणून. मी पहिली ओळ कोरी ठेवली आणि त्या मुलीचा अर्ज दुसऱ्या ओळीत घेतला. शिरीष दुपारी बाराला आला, घामाघूम. त्याला मी पहिल्या ओळीत लिहिलं.

"तिने शिक्का बघितला," मी म्हणाले. "मला म्हणाली, मॅडम, दोन नंबर पडलाय. मी म्हणाले, हो. ती म्हणाली, पण माझ्याआधी कुणीच नव्हतं."

"मग?" इराने विचारलं.

"मी म्हणाले, पुढचा कोण आहे? ती माठातलं पाणी प्याली आणि गेली."

 पोहे गार होत होते. चिठ्ठ्या भिजवणारी ती मी त्यानंतरची, हे मला त्या टेबलाशी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. त्या एका ओळीवर पांघरूण घालायला मी नोकरीची उरलेली सगळी वर्षं ग्लास भरून ठेवला.

"हे मला माहीत नव्हतं," शिरीष अगदी हळू बोलला.

"नव्हतं. मी तुला कधी सांगितलं नाही."

"मग आत्ताच का?"

"कारण मी तुला जे दिलं तेच तू हिला देतोयस. फरक इतकाच की हिला आधी विचारतोयस. ही नको म्हणते तर ऐक तिचं."

तो उठला आणि पावसात जाऊन कचऱ्याचा हिरवा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. रविवार होता, गाडी मंगळवारी येते. मंजिरी खिडकीतून बघत म्हणाली, "राहू दे त्यांना." मग माझ्याकडे न बघता, "ताई, एवढं पोटात ठेवून टाळ्या घेतल्यात?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"त्या मुलीचं पुढे काय झालं?" इराने विचारलं.

"मी कधी शोधलं नाही."

हे सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी रजिस्टरचं सांगतानाही वाटली नव्हती. इराने माझ्या हातावर हात ठेवला नाही, धीरही दिला नाही. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि अर्जाचं पान बंद केलं. अर्ज गेला नाही. मग तिने पोहे खाल्ले, गारच.

शिरीष माझ्याशी चार दिवस बोलला नाही. निघताना विमानतळावर बॅग ढकलत आला आणि अचानक म्हणाला, "तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी ती जागा सोडली असती का ग?"

"नसतीस सोडलीस," मी म्हणाले.

"नसतीच," तो म्हणाला, आणि मला वाकून नमस्कार केला.

सातारा

आता घरचे लोक माझ्यावर तुटून पडले आहेत. म्हातारीला हौसेने बोलावलं आणि हिने भावाचं नाक कापलं, पोरीची अमेरिका घालवली, असं आमच्या मावसबहिणीपासून सगळे म्हणतात. म्हणू देत. मी पुढच्या महिन्यात कोरेगावच्या बाजूला जाणार आहे. सुनंदा सापडली तर माझ्या तोंडावर दार लावेल. लावू दे, तिचं दार आहे. पण मी आता तो ग्लास कुणाला दाखवू देणार नाही, आणि परवा कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात प्राचार्यांनी पुन्हा ती गोष्ट काढली तेव्हा मी उभी राहून कोऱ्या ओळीची गोष्टही सांगितली. टाळ्या वाजल्या नाहीत. जेवणही मला एकटीलाच एका टेबलावर मिळालं, आणि मी दोनदा श्रीखंड घेतलं.

इराने जानेवारीत एनस्खेडेचा अर्ज केला, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, मुद्दाम. निवड परीक्षेला शिरीष तिला घेऊन गेला आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. त्या निवडप्रमुखांच्या खात्यातला एक माणूस त्याच्या ओळखीचा आहे, हे त्याने मला फोनवर सांगितलं. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही, मी सुडोकू सोडवलं," तो म्हणाला.

मी नवस बोलले नाही. नवस म्हणजे तरी काय, देवाकडे लावलेला वशिलाच. कॉलनीतल्या बायकांना हे फारच झोंबलं.

एप्रिलच्या मध्यावर निकाल लागला. फोन इराचा होता. जागा भरल्या होत्या. ती प्रतीक्षा यादीत होती, अकरावी. कधी कधी वरचे सोडतात, कधी सोडत नाहीत, ऑगस्टपर्यंत काहीही होऊ शकतं.  माझ्या मनात आलं ते इथे लिहिते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे: मला वाटलं, शिरीषच्या त्या ओळखीच्या माणसाला एक फोन केला तर?

"रडतेस का ग?" मी विचारलं.

"नाही," इरा म्हणाली. आणि मग ती मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत, चुकू नये म्हणून थांबत. "आत्या, माझ्याआधी दहा जण आहेत. आणि ते खरंच आहेत."